जोडीची अव्यये आणि एकटे क्रियापद

श्रोतेहो, इंग्रजीची गोष्ट निघाली म्हणजे खेड्यापाड्यांतले पुष्कळ लोक म्हणतात, "शब्द येतात हो, पण वाक्य जमत नाही." ही तक्रार अगदी खरी आहे. शब्द सुटेसुटे पाठ करता येतात. वाक्यात मात्र एक शब्द दुसऱ्याच्या आधाराने उभा असतो, आणि कोणी कोणाचा आधार घ्यायचा ह्याची रीत प्रत्येक भाषेत थोडी थोडी निराळी असते. त्या रीतींपैकी एकच रीत मी आज घेणार आहे. 'आयदर-ऑर', 'नायदर-नॉर', 'नॉट ओन्ली-बट ऑल्सो', 'बोथ-अँड' अशी जी जोडीजोडीने येणारी उभयान्वयी अव्यये आहेत, ती वाक्यात आली म्हणजे पुढचे क्रियापद एकवचनी ठेवायचे की अनेकवचनी, एवढाच आपला प्रश्न. आकाशवाणीवर फळा नसतो. तेव्हा इंग्रजी वाक्ये मी सावकाश म्हणेन, आणि अवघड असेल ते दोनदा म्हणेन. हाताशी कागद-पेन्सिल असेल तर फारच बरे.

प्रश्न लहान दिसतो, पण त्यापायी मुलांचे नुकसान होते ते लहान नाही. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी शिकवले जाते, आणि दहावीच्या परीक्षेत 'अमुक अव्यय वापरून वाक्य पुन्हा लिहा' अशा धर्तीचे प्रश्न येत असतात. मुले ती वाक्ये पाठ करतात. मागे एकदा एका खेड्यातल्या शाळेतला मुलगा आपली वही घेऊन माझ्याकडे आला होता. त्याने लिहिले होते, 'नायदर माय फादर नॉर माय ब्रदर्स वेअर ॲट होम.' म्हणजे, घरी वडीलही नव्हते आणि भाऊही नव्हते. 'वेअर' ह्या शब्दाखाली लाल रेघ होती आणि वर 'वॉज' असे लिहिलेले होते. मुलाचे वाक्य बरोबर होते. चुकीची होती ती दुरुस्ती. गुरुजींचाही त्यात फारसा दोष नव्हता, कारण त्यांच्या टेबलावरच्या गाइडात एका ओळीचा नियम छापलेला होता : 'आयदर-ऑर आणि नायदर-नॉर आले की क्रियापद नेहमी एकवचनी.' हा नियम अर्धा खरा आहे, आणि अर्धा खरा नियम हा साफ खोट्या नियमापेक्षा अधिक घातक असतो. खोटा नियम दोन दिवसांत उघडा पडतो. अर्धा नियम पिढ्यान् पिढ्या वर्गात नांदतो. त्या मुलाने मला विचारले, "सर, मग मी कानाला जे बरोबर वाटतं ते लिहायचंच नाही का?" ह्या त्याच्या प्रश्नाचे उत्तर नीट द्यायचे तर सगळा नियमच उलगडून पाहिला पाहिजे.

आधी इंग्रजी क्रियापदाविषयी दोन शब्द. हे क्रियापद आपल्या मराठी क्रियापदाच्या मानाने फार गरीब आहे. त्याला लिंग नाही. 'द बॉय केम, द गर्ल केम, द वॉटर केम' : मुलगा आला, मुलगी आली, पाणी आले, सगळ्यांना एकच 'केम'. आपल्याकडे चार वर्षांचे पोरसुद्धा 'बाबा आले, आई आली, पाणी आलं' असे न चुकता म्हणते. म्हणजे कर्ता आणि क्रियापद ह्यांची सुसंगती सांभाळण्याचे जे काम आपले पोर चौथ्या वर्षी करते, त्याच्या चौथा हिस्साही काम इंग्रजीत करावे लागत नाही. इंग्रजीत ही सुसंगती दिसते ती मोजक्या ठिकाणी : 'इज, ॲम, आर'; 'वॉज, वेअर'; 'हॅज, हॅव'; 'डज, डू'; आणि वर्तमानकाळी एकवचनी क्रियापदाच्या शेवटी लागणारा 'एस'. एवढ्या जागा सांभाळल्या की झाले. 'विल, कॅन, शुड, मस्ट' ह्यांना तर वचनाची फिकीरच नाही. ह्या शेवटच्या गोष्टीचा आपण पुढे उपयोग करून घेणार आहोत.

आता जोड्यांकडे वळू. 'बोथ-अँड' ही सर्वांत सोपी. ती दोन वस्तूंची बेरीज करते आणि बेरीज म्हटली की अनेकवचन. 'बोथ द वेल अँड द टँक आर ड्राय.' विहीर आणि तळे दोन्ही कोरडी आहेत. इथे वादाला जागा नाही.

'आयदर-ऑर' ही जोडी बेरीज करीत नाही. ती निवड सांगते. दोहोंपैकी एक. 'आयदर द वेल ऑर द टँक इज ड्राय.' विहीर तरी कोरडी आहे नाही तर तळे तरी. दोन्ही नावे एकवचनी, आणि कोरडे त्यांतले एकच, म्हणून 'इज'. 'नायदर-नॉर'चेही तसेच. 'नायदर द वेल नॉर द टँक इज ड्राय.' इथपर्यंत त्या गाइडाचा नियम बरोबर चालतो. दोन्ही नावे अनेकवचनी असली तर क्रियापद अनेकवचनी, हेही उघड आहे. गाडी अडते ती एक नाव एकवचनी आणि दुसरे अनेकवचनी असे आले म्हणजे. समजा, शेतातला पंप बंद पडला आहे. एक तर पंप बिघडला, नाही तर तारा बिघडल्या. इंग्रजीत म्हणायचे : 'आयदर द पंप ऑर द वायर्स आर फॉल्टी.' पुन्हा म्हणतो, 'आयदर द पंप ऑर द वायर्स आर फॉल्टी.' 'आर' का? कारण क्रियापदाच्या सर्वांत जवळचे नाव 'वायर्स' आहे आणि ते अनेकवचनी आहे. आता नावांची अदलाबदल करा : 'आयदर द वायर्स ऑर द पंप इज फॉल्टी.' आता जवळ आला 'पंप', म्हणून 'इज'. नियम काय झाला? क्रियापदाने जवळच्या शेजाऱ्याचे ऐकावे, लांबच्याचे नाही.

ह्या नियमाला इंग्रजी व्याकरणकार निकटतेचे तत्त्व म्हणतात. क्वर्क, ग्रीनबाउम, लीच आणि स्वार्टविक ह्या चौघांनी मिळून लिहिलेले इंग्रजीचे प्रचंड व्याकरण १९८५ साली प्रसिद्ध झाले. त्यात कर्ता आणि क्रियापद ह्यांच्या मेळाची तीन तत्त्वे मानली आहेत. एक, व्याकरणातल्या वचनाप्रमाणे मेळ. दुसरे, मनातल्या अर्थाप्रमाणे मेळ. आणि तिसरे हे निकटतेचे. पण मला सांगायचे आहे ते निराळेच. हे निकटतेचे तत्त्व मराठी माणसाला शिकवावेच लागत नाही. ते त्याच्या जिभेवर आहे. रात्री स्वयंपाकघरात भांडे पडले. घरातली म्हातारी अंथरुणातूनच काय म्हणते? "मांजर किंवा कुत्रा आला असेल." आणि शब्द उलटे आले तर? "कुत्रा किंवा मांजर आलं असेल." मांजर नपुंसकलिंगी, कुत्रा पुल्लिंगी, क्रियापद प्रत्येक वेळी जवळच्याप्रमाणे बदलले. म्हातारीने व्याकरण कधी पाहिलेले नाही. तसेच जेवणाचे. 'धोंडूने भाकरी आणि कांदा खाल्ला.' पण 'धोंडूने कांदा आणि भाकरी खाल्ली.' इथे तर 'किंवा' नाही, 'आणि' आहे, खाल्ल्या दोन्ही वस्तू, तरी क्रियापद शेजारच्याच वस्तूप्रमाणे चालते. ह्या बाबतीत मराठी इंग्रजीच्याही पुढे गेली आहे. ज्यांना मराठीतल्या ह्या बारकाव्यांची हौस असेल त्यांनी मोरो केशव दामले ह्यांचे १९११ सालचे 'शास्त्रीय मराठी व्याकरण' जरूर चाळावे.

'नॉट ओन्ली-बट ऑल्सो' ह्या जोडीचेही तसेच आहे. मराठीत आपण म्हणतो, 'नुसता मुलगाच नव्हे तर सूनही आली'. उलट, 'नुसती सूनच नव्हे तर मुलगाही आला.' इंग्रजीत : 'नॉट ओन्ली द टीचर बट ऑल्सो द स्टुडंट्स वेअर प्रेझेंट.' जवळ 'स्टुडंट्स', म्हणून 'वेअर'. शिक्षक बंधुभगिनींनी वर्गात एक गंमत करून पाहावी. फळ्यावर वाक्य लिहावे, आणि 'ऑर', 'नॉर' किंवा 'बट ऑल्सो' ह्या शब्दापर्यंतचा सगळा भाग हाताने झाकावा. जे उरते तेवढे मुलांकडून वाचून घ्यावे. 'द वायर्स आर फॉल्टी.' 'द पंप इज फॉल्टी.' 'द स्टुडंट्स वेअर प्रेझेंट.' उरलेले वाक्य सरळ लागले तर अख्खे वाक्य बरोबर. नियमाचे नावसुद्धा सांगण्याची गरज पडत नाही. माझ्याकडे तालुक्याच्या कॉलेजात पहिल्या वर्षाला येणारी मुले हे दहा मिनिटांत उचलतात. ज्यांनी 'नेहमी एकवचन' हे सूत्र घोकलेले असते, त्यांना मात्र ते विसरायला महिना लागतो.

एक गोष्ट इथे प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. जुनी पुस्तके ह्या जवळच्या शेजाऱ्यावर पूर्ण विसंबत नाहीत. लिंडली मरे नावाचा एक वकील होता. जन्माने अमेरिकन, पुढे तो इंग्लंडात यॉर्क शहराजवळ जाऊन राहिला, आणि तिथल्या मुलींच्या एका शाळेसाठी त्याने १७९५ साली इंग्रजीचे व्याकरण लिहिले. ते पुस्तक अफाट खपले. त्याचे सांगणे असे की, एक नाव एकवचनी आणि एक अनेकवचनी असेल तर क्रियापद अनेकवचनी ठेवावे, आणि साधेल तेव्हा अनेकवचनी नाव क्रियापदाच्या लगत आणून बसवावे. आपल्या देशात घराघरांत गेलेले रेन आणि मार्टिन ह्यांचे व्याकरणही हाच सल्ला देते. ह्यातले रेनसाहेब मुंबई इलाख्यात शिक्षण खात्यात नोकरीला होते, आणि १९२४ साली निघालेल्या 'बो जेस्ट' ह्या गाजलेल्या कादंबरीचे लेखकही तेच. व्याकरण लिहिणारा माणूस वाळवंटातल्या शिपायांच्या साहसकथा लिहितो, हे आपल्या विद्यार्थ्यांना खरे वाटत नाही. असो. मुद्दा असा की जुन्यांचे आणि नव्यांचे भांडण आपण सहज टाळू शकतो. अनेकवचनी नाव नेहमी दुसऱ्या जागी ठेवा. मग मरेसाहेबही खूष आणि क्वर्कसाहेबही खूष. 'आयदर द पंप ऑर द वायर्स आर फॉल्टी' हे वाक्य जुन्या-नव्या कोणत्याही परीक्षकापुढे टिकते. आणि इंग्रज माणूस बोलताना काय करतो? बोलताना तो 'नायदर' नंतर दोन्ही नावे एकवचनी असतानाही पुष्कळदा 'आर' म्हणून मोकळा होतो. अर्थाने दोघांनाही नकार आहे ना, मग मनात दोघे आलेच. बोलण्यात ते खपते. पण परीक्षेच्या कागदावर ह्याचा आधार घेऊ नये.

आता ह्या शब्दांचा मूळ अर्थ पाहण्यासारखा आहे, कारण त्यात आपले घराणे निघते. इंग्रजीतला 'व्हेदर' हा शब्द मुळात 'दोहोंपैकी कोणता' अशा अर्थाचा होता. संस्कृतात ह्याच अर्थाचा शब्द आहे 'कतर', आणि हे दोन्ही शब्द एकाच मुळापासून आलेले आहेत. 'कतर', 'एकतर', 'अन्यतर' ह्यांतला जो 'तर', तोच 'व्हेदर', 'आयदर', 'नायदर', 'अदर' ह्यांच्या शेवटी बसला आहे. ह्या 'तर'चे काम दोघांत निवड करणे. 'लघुतर' म्हणजे दोघांत जो लहान तो. म्हणूनच 'आयदर' हा शब्द मूळ स्वभावाने दोघांचा आहे, तिघाचौघांचा नव्हे. 'ऑर' हा 'अदर'चाच झिजलेला अवतार. आणि 'आयदर'चा फार जुना अर्थ 'दोघांपैकी प्रत्येक' असा होता. तो एका ठिकाणी अजून जिवंत आहे. 'ऑन आयदर साइड ऑफ द रोड देअर आर ट्रीज' म्हणजे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना झाडे आहेत, एकाच बाजूला नव्हे. उच्चाराबद्दल कोणी विचारील म्हणून सांगतो : 'आयदर' म्हटले तरी चालते, 'ईदर' म्हटले तरी चालते. त्यावरून मुलांना हसू नये.

'दोघांपैकी' हा अर्थ किती मोलाचा असतो ते पाहायचे असेल तर व्याकरणाचे पुस्तक मिटून बँकेचे पासबुक उघडा. दोन माणसांच्या नावे जोडखाते असले तर त्यावर व्यवहार कसा करायचा ते लिहिलेले असते. 'आयदर ऑर सर्व्हायव्हर' असे असेल तर दोघांपैकी कोणीही एकाने सही करून पैसे काढता येतात, आणि दोघांपैकी एक वारला तर मागे राहिलेल्याला खाते चालवता येते. 'जॉइंटली' असे असेल तर दोघांच्याही सह्या लागतात. हे झाले आपले 'बोथ-अँड'. 'फॉर्मर ऑर सर्व्हायव्हर' असेल तर ज्याचे नाव आधी आहे त्याचीच सही चालते, दुसऱ्याचा अधिकार त्याच्या पश्चात. आणि खातेदार दोनांहून अधिक असले म्हणजे बँक 'आयदर' म्हणत नाही, 'एनीवन' म्हणते. पाहा, त्या जुन्या 'तर'चा मान बँकेनेही राखला आहे! पोस्टाच्या खात्यातही 'जॉइंट ए' आणि 'जॉइंट बी' असे प्रकार आहेत. 'ए'मध्ये दोघांनी मिळून आणि 'बी'मध्ये कोणीही एकाने. माझ्या वर्गातल्या एका मुलीचे वडील कामासाठी परमुलखात होते. खाते आईवडिलांच्या जोडनावाने होते, पण फॉर्म भरताना खूण पडली होती 'जॉइंटली'वर. फीची वेळ आली, खात्यात पैसे होते, आई बँकेत जाऊन उभी राहिली, आणि एकटीच्या सहीवर तिला एक रुपया मिळेना. अर्थ कोणी समजावून सांगितला नव्हता, आणि फॉर्म इंग्रजीत. तेव्हा ज्यांच्या घरी जोडखाते आहे त्यांनी आज रात्री पासबुक काढून ही ओळ कोणाकडून तरी वाचून घ्यावी. ते झाले तर माझ्या ह्या भाषणातले बाकीचे सगळे विसरलात तरी चालेल.

पुन्हा व्याकरणाकडे येतो. वचनासारखीच अडचण पुरुषाची. 'एक तर तो चुकला, नाही तर मी चुकलो.' इंग्रजीत 'आयदर ही ऑर आय' इथपर्यंत मुलगा येतो आणि थांबतो. 'इज' म्हणावे की 'ॲम'? निकटतेच्या नियमाने 'ॲम' : 'आयदर ही ऑर आय ॲम राँग.' शुद्ध आहे, पण इंग्रजाच्याही कानाला ते खडबडीतच लागते. म्हणून व्याकरणकार स्वतःच सांगतात की असे वाक्य मोडून लिहावे : 'आयदर ही इज राँग ऑर आय ॲम.' दोन कर्ते, दोघांना आपापले क्रियापद, तंटा मिटला. आपली मराठी 'ना-ना' आणि 'ही-ही' ह्या जोड्यांत पुष्कळदा हेच करते. 'ना पाऊस आला, ना मदत आली.' 'आईही आली, बाबाही आले.' दुसरा उपाय मी मघाशी सुचवला होता : 'विल', 'कॅन', 'मस्ट' ह्यांचा आडोसा. 'आयदर द सरपंच ऑर द मेंबर्स मस्ट साइन.' इथे 'इज-आर'चा प्रश्नच उद्भवत नाही. अर्ज लिहिताना हा उपाय फार कामाला येतो. काही शिक्षकांना ही पळवाट वाटते. मला तसे वाटत नाही. भाषा चांगली येणारा माणूस खड्डा दिसला की बाजूने जातो, खड्ड्यातून गाडी काढून दाखवीत बसत नाही.

प्रश्नार्थक वाक्यात क्रियापद कर्त्यांच्या आधी येते. तिथे शेजारी कोण? पहिले नाव. 'इज द पंप ऑर द वायर्स फॉल्टी?' इथे 'पंप' लगत आहे म्हणून 'इज'. नियम तोच, बाजू बदलली. तेव्हा 'दुसऱ्या नावाप्रमाणे क्रियापद' असे मुलांना कधी सांगू नये. 'जवळच्या नावाप्रमाणे' असेच सांगावे.

आता एका तोतयापासून सावध करतो. 'ॲज वेल ॲज' हा शब्दसमूह मराठीत आपण 'आणि' असा करतो आणि फसतो. तो 'आणि'च्या घरचा नाही. तो 'सह'च्या घरचा आहे. 'शेतकरी बैलांसह नदीवर गेला.' बैल दोन असले तरी आपण 'गेले' म्हणत नाही, क्रियापद शेतकऱ्याचे. इंग्रजीतही तसेच : 'द फार्मर, ॲज वेल ॲज हिज सन्स, इज वर्किंग.' मुलगे कितीही असोत, 'इज'. 'विथ', 'अलाँग विथ', 'टुगेदर विथ' ह्यांचेही असेच. इथे जवळच्या शेजाऱ्याचे ऐकायचे नाही, घरच्या मालकाचे ऐकायचे. हात ठेवून झाकायचे तेही उलटे : 'ॲज वेल ॲज'पासून 'सन्स'पर्यंतचा भाग झाकावा. परीक्षेत 'नॉट ओन्ली-बट ऑल्सो'चे वाक्य 'ॲज वेल ॲज' वापरून बदलायला सांगतात, तेव्हा नेमके इथेच गुण जातात. आणखी एक खोच आहे. 'नॉट ओन्ली'मध्ये भर पडतो दुसऱ्या नावावर, आणि 'ॲज वेल ॲज'मध्ये पहिल्यावर. म्हणून वाक्य बदलताना नावांची जागाही बदलते. 'नॉट ओन्ली द फार्मर बट ऑल्सो हिज सन्स आर वर्किंग' ह्याचे रूपांतर 'हिज सन्स, ॲज वेल ॲज द फार्मर, आर वर्किंग.'

जोडीच्या शब्दांची जागाही महत्त्वाची. बैलजोडीत एक बैल जोखडाच्या जवळ आणि दुसरा गोठ्याच्या दारात असे चालत नाही. 'तो नुसता ऊसच नाही तर कांदेही लावतो' ह्याचे इंग्रजी मुले करतात : 'ही नॉट ओन्ली ग्रोज शुगरकेन बट ऑल्सो ऑनियन्स.' 'नॉट ओन्ली'पुढे क्रियापद, आणि 'बट ऑल्सो'पुढे नुसते नाम. उंची जुळत नाही. बरोबर वाक्य : 'ही ग्रोज नॉट ओन्ली शुगरकेन बट ऑल्सो ऑनियन्स.' ऊस आणि कांदे आता समोरासमोर आले. आणि 'नॉट ओन्ली' वाक्याच्या अगदी आरंभी आणून त्याच्या मागोमाग सबंध वाक्य घातले तर सहायक क्रियापद उडी मारून कर्त्याच्या पुढे येते : 'नॉट ओन्ली डिड द रेन फेल, बट द वेल ऑल्सो ड्राइड अप.' 'नो सूनर-दॅन'चीही तीच तऱ्हा. 'नो सूनर डिड द बेल रिंग दॅन द बॉइज रॅन आउट.' इथे 'डिड' आल्यावर 'रिंग' हे मूळ रूपच राहते, 'रँग' नव्हे. आणि 'नो सूनर'ची जोडी 'दॅन'शी, 'व्हेन'शी नव्हे. 'व्हेन' हा 'हार्डली'चा जोडीदार.

जोडीदारावरून आठवले. आपल्या मुलांची एक चूक अशी आहे की ती इंग्रजीतून आलेली नाही, मराठीतूनच आलेली आहे. मराठीला जोड्यांची फार आवड : जर-तर, जरी-तरी, जेव्हा-तेव्हा, जसे-तसे. एक आला की दुसरा आलाच पाहिजे. त्यामुळे 'तो गरीब असला तरी प्रामाणिक होता' ह्याचे आमची मुले करतात : 'दो ही वॉज पुअर, बट ही वॉज ऑनेस्ट.' 'जरी'ला 'दो' दिला, मग 'तरी' उपाशी कसा ठेवायचा, म्हणून 'बट'. इंग्रजीत 'दो' एकटाच पुरतो. फार तर जुन्या वळणाने 'येट' लावावा, 'बट' कधीही नाही. तसेच 'बिकॉज' आल्यावर पुन्हा 'सो' नको. ज्या शिक्षकाला मराठीतली ही जोडीची सवय माहीत आहे, तो मुलाला एका मिनिटात सांगू शकतो की तुझी चूक कोठून आली. ज्याला माहीत नाही तो नुसती लाल रेघ ओढतो.

वेळ होत आली. शिक्षक श्रोत्यांसाठी वर्गात घालण्याजोगी चार वाक्ये सांगतो; 'टू बी' क्रियापदाची जागा मी मोकळी सोडतो आणि तिथे नुसते 'गाळलेली जागा' म्हणतो. काळ वर्तमान धरावा. पहिले : 'नायदर द बस नॉर द ट्रेन्स, गाळलेली जागा, ऑन टाइम.' दुसरे : 'आयदर माय अंकल्स ऑर माय फादर, गाळलेली जागा, कमिंग.' तिसरे : 'द हेडमास्टर, ॲज वेल ॲज द टीचर्स, गाळलेली जागा, इन द हॉल.' आणि चौथे : 'गाळलेली जागा, द बुक ऑर द पेन्सिल्स ऑन द टेबल?' उत्तरे क्रमाने अशी : 'आर', 'इज', 'इज', आणि चौथ्यात पुन्हा 'इज', कारण प्रश्नात क्रियापदाच्या लगत 'बुक' आहे. दुसऱ्या वाक्यात 'इज' शुद्ध असले, तरी 'फादर' आधी आणि 'अंकल्स' नंतर घेऊन ते पुन्हा लिहवून घ्यावे, आणि मग क्रियापदाचे काय होते ते मुलांनाच विचारावे.